वाकडी फुली

ताउनो केम्पाइनेनने बेचाळीस वर्षांत अकरा मूस मारले. मूस म्हणजे घोड्याहून उंच हरीण. ते समोर आलं तर नेम चुकायला तसा वावच नसतो, म्हणून हा आकडा निघाला की आमच्या शिकार मंडळाच्या खोपीत हमखास हशा पिकतो. माझा बाप त्याचा शिकारीतला जोडीदार. तो म्हणायचा, "ताउनोसमोरून मूस न्यायचा तर आधी ताउनोला हलवून जागं करावं लागतं." ताउनोही हसायचा आणि आपला पाइप साफ करत बसायचा.

खरं सांगायचं तर ताउनो मचाणावर कधी झोपला नाही. त्याचं मचाण मोठ्या दलदलीच्या कडेला, तीन वाळक्या पाइनच्या मधोमध. मी नऊ वर्षांची असताना बापाने एकदा मला त्याच्या शेजारी बसवून दिलं, कारण मी फार बडबड करायचे आणि ताउनोशेजारी कुणाचीच बडबड टिकत नसे. ऑक्टोबरची सकाळ होती. दलदलीवर दुधासारखं धुकं साचलेलं, आणि त्यातून खुरट्या झाडांचे शेंडे तेवढे वर आलेले. ते शेंडे हळूहळू सरकताहेत असं वाटायचं. मग कळायचं, झाडं जागच्या जागीच आहेत, सरकतंय ते धुकं. मग पुन्हा वाटायचं, नाही, झाडंच. तासाभराने ताउनोने बोट दाखवलं. धुक्यात एक मादी आणि तिचं पिल्लू पोटापर्यंत बुडाल्यासारखी चालत होती, जराही आवाज न करता. रायफल त्याच्या मांडीवर होती. त्याने ती उचलली नाही. ती दोघं धुक्यात विरून गेली तेव्हा मला इतकं गोड वाटलं होतं की पुढे बरीच वर्षं मला ते स्वप्नच वाटायचं.

नोकरीत तो रस्त्यांवरचा माणूस. उन्हाळ्यात मातीचे रस्ते सपाट करायचं यंत्र चालवायचा, हिवाळ्यात बर्फ बाजूला करायचं. आमच्या सुओपेरा गावापासून मोठ्या रस्त्यापर्यंत चौतीस किलोमीटर अंतर, त्यातला प्रत्येक मीटर त्याच्या हातचा. बर्फाची कड आखल्यासारखी सरळ ठेवण्यात त्याला धन्यता वाटायची. लग्न केलं नाही. का केलं नाही, ते कुणी विचारलं नाही.

हे 'विचारलं नाही' आमच्याकडे फार मोठं आहे. आमच्याकडे पाद्र्यालाही अरे-तुरे चालतं, पण कुणाच्या दुखण्याखुपण्याची चौकशी केलेली चालत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि दुसऱ्याची मूठ उघडणं म्हणजे असभ्यपणा. माझा नवरा मला सोडून दक्षिणेला गेला तेव्हा गावात एकाही माणसाने मला काही विचारलं नाही. फक्त पायरीवर रोज सकाळी कुणीतरी ठेवलेला वेलचीचा गोड पाव सापडायचा, फडक्यात गुंडाळलेला, अजून कोमट असलेला. तीन आठवडे तो येत राहिला. कोणी ठेवला ते मला आजही माहीत नाही. त्या तीन आठवड्यांत मला वाटायचं, इतकी चांगली माणसं जगात दुसरीकडे नसतील.

बाप गेल्यावर त्याचं दुकान मी चालवते. गळ, गमबूट, काडतुसं, थर्मास, रायफली आणि रायफलींच्या दुर्बिणी. त्या वर्षी मेअखेर तळ्यावरचा बर्फ फुटला त्याच आठवड्यात ताउनो दुकानात आला. टोपी काढली, काउंटरवर ठेवली, आणि बराच वेळ गळांकडे बघत उभा राहिला.

"मीर्या," तो शेवटी म्हणाला, "दुर्बीण हवी रायफलला."

मी चाटच पडले. आपल्या वडिलांच्या रायफलीच्या नळीवरची माशी, म्हणजे टोकाचा तो बारीक खुंट, पुढे धरून नेम घेणारा हा माणूस. दुर्बिणी लावणाऱ्या पोरांना तो 'खिडकीवाले' म्हणायचा.

"तूसुद्धा खिडकीवाला झालास?"

"माशी दिसेनाशी झाली. सत्तर झालं की वय आता."

"केवढ्यापर्यंत बघायची?"

"पेन्शनीत बसेल तेवढ्यात. तुझ्या बापाने मला कधी फसवलं नाही."

"मी फसवेन असं म्हणतोस?"

"तू फसवलंस तर मला कळायचंही नाही," तो म्हणाला, आणि त्याच्या दृष्टीने हा विनोद होता.

दुर्बीण आत्ताच कशाला, ते मला ठाऊक होतं. आमच्याकडे मूसवर गोळी झाडायची तर दर तीन वर्षांनी परीक्षा द्यावी लागते. पंच्याहत्तर मीटरवर मूसचं चित्र, त्याच्या छातीवर जेवायच्या ताटलीएवढं वर्तुळ, दीड मिनिटात चार गोळ्या. चारही आत पाहिजेत. तीन वर्षांपूर्वी ताउनोची चौथी गोळी वर्तुळाच्या रेघेला चाटून गेली होती. ती मुदत आता संपत होती, आणि शेवटची परीक्षा ऑगस्टअखेर. नापास झालास तर मचाण रिकामं. रिकामं मचाण दुसऱ्याला जातं, आणि एकदा गेलेलं मचाण परत मागायचं नाही, हे कुठे लिहिलेलं नसलं तरी सगळे पाळतात. तीन वाळक्या पाइनमधली ती जागा म्हणजे ताउनोचं घरदार, बायकापोरं, देऊळ, सगळं होतं. अकरा मूस मारणारा माणूस काही मूससाठी तिथे बसत नव्हता.

मी काउंटरवर चार दुर्बिणी मांडल्या. गिऱ्हाईक, विशेषतः पुरुष गिऱ्हाईक, आधी आकडा बघतं. बारापट, सोळापट. जणू चंद्रावरचा मूस मारायचाय. मी ताउनोला म्हटलं, "मोठ्या आकड्याच्या नादी लागू नकोस. स्वस्तातली सोळापट म्हणजे ताक पातळ करून हंडा भरणं. तुला झाडीत, साठ-सत्तर मीटरवर बघायचंय. तीनपट-चारपट पुष्कळ झाली. पैसे काचेला दे, आकड्याला नको. संध्याकाळच्या उजेडात जी काच काळवंडत नाही ती काच खरी."

"संध्याकाळ कुठून आणायची आता?" त्याने विचारलं.

तेही खरंच. मेअखेरीपासून आमच्याकडे अंधार असा होतच नाही. सूर्य तळ्यामागे जातो, जरा विचार करतो आणि परत येतो. म्हणून उन्हाळ्यात दुर्बीण घेणाऱ्याला आम्ही मागच्या बटाट्याच्या तळघरात नेतो. दार किलकिलं ठेवायचं आणि आतल्या फळ्यांवरच्या पेट्यांची अक्षरं वाचायला लावायची. ताउनो खाली वाकून आत शिरला. मोड आलेल्या बटाट्यांचा आणि ओल्या मातीचा वास, दारातून येणारी उजेडाची एक पट्टी, त्या पट्टीत तरंगणारी धूळ. एकेक दुर्बीण डोळ्याला लावून तो पुटपुटत होता. मी दारात उभी होते आणि मला उगाच वाटलं, बाप आतच कुठेतरी बसलाय, आत्ता खोकेल. तळघरात तास कसा गेला ते दोघांनाही कळलं नाही. मग त्याने सगळ्यात स्वस्त, एकशे ऐंशी युरोची घेतली. साधी होती, पण काच प्रामाणिक. मी ती रायफलीवर बसवून दिली.

"डोळा चार बोटं मागे ठेव," मी बजावलं. "नाहीतर धक्क्याने कड भुवईत घुसते. गावातल्या निम्म्या पुरुषांच्या कपाळावर ती चंद्रकोर आहे. विचारलं तर सांगतात, अस्वलाशी झटापट झाली."

तो हसत गेला.

आठवड्याने परत आला. रायफल पिशवीतून काढली, दुर्बीण सोडवली, माझ्यासमोर ठेवली.

"फुली वाकडी आहे," तो म्हणाला.

दुर्बिणीत एक उभी आणि एक आडवी बारीक रेघ असते. त्यांच्या फुलीवर नेम धरायचा. मी दुर्बीण घेऊन पायरीवर गेले, पलीकडच्या काठावरच्या चर्चच्या कळसावर उभी रेघ धरली. ओळंब्याने सोडल्यासारखी सरळ.

"सरळ आहे की!"

त्याने पुन्हा बघितलं. "मधोमध वाकते. पाण्यात काठी घातल्यासारखी."

"आणि गोळ्या?"

"बाहेर जातात."

आता माझा स्वभाव. दुकानदाराची जीभ आहे, चटकन चालते. मी म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं, ताउनो!"

तो मान खाली घालून टोपी हातात फिरवत राहिला. मला वाटलं, लागलं त्याला, पण लागू दे. मग वाईट वाटून मी दुसऱ्या बनावटीची, जरा वरची दुर्बीण दिली, आणि कॉफी ओतली. त्याने साखरेचा खडा कपाच्या शेजारी, टेबलावर टाकला. अगदी शांतपणे, कपातच टाकल्यासारखा. मग चमच्याने कॉफी ढवळली. मी तो खडा बघितला. तो खडा आमच्या दोघांच्या मधे, टेबलावर पांढराशुभ्र पडून होता. काहीतरी बिनसलंय, हे मला त्याच क्षणी कळलं.

आणि मी हवेबद्दल बोलायला लागले.

जूनच्या मध्यावर तो दुसरी घेऊन आला. फुली वाकडी. मी तिसरी दिली, तीनशे वीसची. "स्वस्त माल, वाकडा माल," तो समजावणीच्या सुरात म्हणाला, म्हणजे दोष माझा नाही, पेन्शनीचा आहे. आलेल्या दुर्बिणी मी कुरकुर न करता परत घेत गेले. मंडळातला यार्को मला म्हणाला, "म्हातारा तुला छळतोय. परीक्षेची भीती बसलीये, दुसरं काय? आणि ते मचाण कुणाला जाणार, ठरलंय का?" मी म्हटलं, "तुला नाही, एवढं ठरलंय." यार्कोला मी झापलं, आणि वाटलं, चला, ताउनोची बाजू घेतली आपण.

तो आला की आम्ही पायरीवर बसायचो. जूनमधल्या संध्याकाळी संपतच नाहीत. तळं हलत नाही. पलीकडचा काठ पाण्यात उलटा लटकतो, आणि मधे रेघ कुठली ते कळत नाही. एखादा पाणपक्षी ओरडतो आणि तो आवाज फार वेळ पाण्यावर पडून राहतो. ताउनो दुर्बीण हातात धरून बसायचा. लावायचा, काढायचा. मी त्याच्याकडे बघायचे. तो मान जरा डावीकडे वळवून बघायला लागला होता, कोंबडी दाण्याकडे बघते तशी. मी पाहिलं. दोन आठवड्यांनी पुन्हा पाहिलं. आणि दर वेळी मनात तेच, बापाकडून शिकलेलं वाक्य: माणसाला सांगायचं असेल तेव्हा तो सांगेल. मी त्याच्या पायरीवर वेलचीचा पावही ठेवून आले, पहाटे, कुणाला दिसू नये असा. मला फार चांगलं वाटलं होतं घरी येताना. उजेड सोनेरी होता, रस्ता सरळ होता, आणि मी स्वतःवर खूश होते. त्या सकाळची आठवण आली की आज माझा मलाच संताप येतो.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तो तिसरी घेऊन आला.

"आता ती दाखव," त्याने काचेच्या कपाटातल्या वरच्या खणाकडे बोट केलं. तिथे एक जर्मन बनावटीची दुर्बीण तीन वर्षं धूळ खात पडली होती. चौदाशे युरो.

"वेड लागलंय का? ती शोभेला आहे. डॉक्टर-वकिलांसाठी."

"नावेचं इंजिन विकतोय. यार्कोशी बोलणं झालंय."

"मग मासे कसे धरणार? वल्ही मारत?"

"माझ्या बापाने वल्हीच मारली. दाखव."

मी कपाट उघडलं. ती दुर्बीण हातात घेतली की खरंच वाटतं, आपल्या हातात उजेडच आहे. ताउनो पायरीवर गेला. जूनमधल्या उन्हाळी सणासाठी मी महिन्यापूर्वीच झेंड्याचा खांब खरवडून पांढरा रंगवला होता. त्या खांबावर त्याने दुर्बीण धरली. बराच वेळ. मग खाली घेतली, नुसत्या डोळ्यांनी खांबाकडे बघितलं, मग पुन्हा लावली.

"मीर्या," तो हळूच म्हणाला, "तुझा खांबही वाकलाय."

मी खांबाकडे बघितलं. मग त्याच्याकडे. चौदाशे युरोची दुर्बीण त्याने अजून डोळ्यावरून काढली नव्हती. आणि तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. सहा आठवडे एका माणसाची नजर जाताना मी बघत होते तेव्हा उघडलं नाही, पण त्याचं इंजिन विकलं जाणार म्हटल्यावर उघडलं. गिऱ्हाइकाला नको असलेला माल गळ्यात मारायचा नाही, हेही बापानेच शिकवलं होतं. शेजारधर्मापेक्षा दुकानधर्म बरा ठरला.

"उजवा डोळा झाक," मी म्हटलं.

"काय?"

"हाताने झाक उजवा डोळा. आता बघ खांब."

"सरळ."

"आता डावा झाक."

त्याने डावा झाकला. त्याच्या जबड्याची शीर तेवढी हलली.

"काय दिसतंय, ताउनो?"

"खांब वाकतो. आणि मधे राखाडी डाग आहे. पूर्वी लहान होता."

"केव्हापासून?"

"बर्फ फुटला तेव्हापासून."

मी दुकानाला कुलूप घातलं, त्याला गाडीत बसवलं आणि दोन तास जंगलातून चालवत जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं. रस्ता त्यानेच कधीकाळी सपाट केलेला. तो काचेतून बाहेर बघत होता आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. डॉक्टरीण तरुण होती, फार हळुवार बोलली. तिने त्याच्यासमोर एक कागद धरला. त्यावर सरळ रेघांची जाळी, मधे एक ठिपका. डोळ्याच्या मागच्या पडद्यात नवीन रक्तवाहिन्या फुटून पाझरतात, म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते, ती म्हणाली. डोळ्यात इंजेक्शन देतात. लवकर दिलं तर थांबतं.

"रेघ पहिल्यांदा कधी वाकली?" तिने विचारलं.

"मेअखेर," ताउनो म्हणाला.

तिने लिहून घेतलं. त्याला आत नेल्यावर मी दारात तिला विचारलं, तेव्हाच आला असता तर? ती म्हणाली, "तेव्हा आला असता तर बहुतेक वाचला असता हा डोळा. आता आहे तेवढं टिकवू."

रेघा बघायचा तो कागद मी घरी आणला. त्याच्यापेक्षा चांगली जाळी, बारीक काळी फुली, स्वच्छ काचेत बसवलेली, मी त्याला एक सोडून तीनदा विकली होती, आणि चौथ्यांदा हातात दिली होती. चारदा त्या फुलीने त्याला सांगितलं, आणि त्याने मला सांगितलं.

इंजेक्शनं झाली. "दात उपटण्यापेक्षा बरं," एवढंच तो म्हणाला. डाग वाढायचा थांबला, पण मधला भाग गेला तो गेला. मग त्याने डाव्या खांद्याने बंदूक धरायला सुरुवात केली. सत्तराव्या वर्षी. दुर्बीण तीच, पहिली, एकशे ऐंशीची. तिच्यात काही खोट नव्हतीच. रोज संध्याकाळी दलदलीपलीकडून त्याच्या सरावाचे बार ऐकू यायचे, लांब लांब अंतराने. मी भांडी घासताना मोजायचे. सुरुवातीला खटका ओढायला त्याचा उजवा हात पोटावरून पलीकडे जायचा. मग बोटं शिकली. भुवई मात्र फुटली. चंद्रकोर घेऊन दुकानात आला.

"अस्वल का?" मी विचारलं.

"लहान होतं," तो म्हणाला.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी परीक्षा. मी त्याच्याबरोबर गेले. पहिल्या वेळी चारातल्या दोन आत. पुन्हा पैसे भरून पुन्हा उभा राहिला. तीन आत, आणि चौथी वर्तुळाबाहेर, अंगठ्याच्या रुंदीएवढी. परीक्षक त्याला चाळीस वर्षं ओळखणारा. त्याने चित्राकडे बघितलं, ताउनोकडे बघितलं, आणि नकारार्थी मान हलवली. ताउनोने त्याचा हात हातात घेऊन आभार मानले, रायफल पिशवीत घातली, आणि परत येताना सगळी वाट पाइप ओढत बसला, विझलेला.

सप्टेंबरात मंडळाची बैठक झाली. मचाणांची वाटणी. यार्कोने घसा खाकरला. त्याआधीच मी उभी राहिले आणि म्हटलं, वाळक्या पाइनचं मचाण माझ्या नावावर लिहा, माझं टेकडीवरचं यार्कोला द्या. टेकडीवरचं जास्त चांगलं, तिथून दर वर्षी एक तरी मूस जातो. यार्को खूश. कुणी काही विचारलं नाही. पुढल्या वर्षी ताउनो पास झाला तर काय करायचं ते मला ठाऊक होतं, आणि बाकीच्यांनाही ठाऊक असणार.

ऑक्टोबरातल्या दुसऱ्या शनिवारी शिकार सुरू झाली. पहाटे मी ताउनोच्या दारात गेले. तो कपडे करून तयारच बसला होता, रायफलीशिवाय, थर्मास मांडीवर. कुणी बोलावलं नव्हतं. मी फक्त गाडीचं दार उघडलं.

मचाणावर आम्ही शेजारी शेजारी बसलो. दलदलीवर धुकं होतं. पाइनचे शेंडे वर आलेले, आणि पूर्वेला फिकट पिवळी चीर पडलेली. कुठूनतरी हंसांचा थवा दक्षिणेकडे निघाला होता, दिसत नव्हता, नुसता आवाज डोक्यावरून गेला आणि बराच वेळ जात राहिला. गवतावर बर्फाचे कण होते. लांब, फार लांब, कुत्रे सोडल्याची शिट्टी वाजली. मचाणावर बोलायचं नसतं. मूसचे कान आपल्या दसपट. बेचाळीस वर्षांत त्या मचाणावर कुणी तोंडातून शब्द काढला नसेल. पण माझ्या छातीवर ते ओझं उन्हाळाभर होतं, आणि त्या शांततेत ते मला सहन होईना.

"ताउनो," मी कुजबुजले, "मला जूनमध्येच कळलं होतं. तू साखर टेबलावर टाकलीस तेव्हा."

तो दलदलीकडे बघत राहिला.

"मला कळलं होतं की तुझ्या डोळ्यांना काहीतरी झालंय. आणि मी हवेबद्दल बोलत बसले. एक शब्द विचारला असता तर तुझा डोळा वाचला असता."

"माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"तुला कळलं होतं ते. तुझ्या तोंडावर दिसलं. डावा डोळा चांगला आहे माझा."

"मग बोलला का नाहीस रे? एवढा चार-चारदा आलास, दुर्बिणी बदलल्यास, इंजिन विकायला निघालास, आणि तोंडाने एकदा म्हणाला नाहीस, मीर्या, मला दिसत नाही म्हणून?"

धुकं सरकत होतं. त्याने टोपी काढली, मांडीवर ठेवली, आणि तिची कड बोटांनी सरळ करत राहिला.

"मला कुठे बोलता येतं गं," तो म्हणाला. "म्हणून तर येत होतो. दुसऱ्या दुर्बिणीपासूनच मला कळलं होतं की खोट काचेत नाही. पण दुकानात यायला काहीतरी निमित्त लागतं. दर वेळी घरून निघताना वाटायचं, आज मीर्या विचारेल."

मी रायफल बाजूला ठेवली आणि त्याचा हात धरला. आमच्याकडे असं कुणी करत नाही. त्याने तो सोडवून घेतला नाही.